डोक्यावर पडली की खेळ बंद

मैदानात एखादी पोर डोक्यावर पडली, की आमच्या मॅडम धावत जाऊन तिच्याशेजारी गुडघे टेकायच्या आणि विचारायच्या, "सांग वं, सकारी काय खाल्लं?"

बघणारे हसायचे. पोर पडली आणि यांना न्याहारीचं सुचतंय!

करडी गावच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या, मी मराठी. तालुक्याच्या कबड्डीच्या अंतिम सामन्यात आमची नववीतली चढाईपटू पकडीत आपटली. लगेच उठली, धूळ झटकली, हसली. टाळ्या पडल्या. तिला सगळं आठवतंय का हे बघायला मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. पोर म्हणाली, "मॅडम, मॅच सुरू झाली काय?" थोड्या वेळानं तिनं पुन्हा तेच विचारलं. मॅडमनी तिला बाहेर बसवलं.

तिचे वडील तावातावानं आले. "काहून काढलं तिले? उभी तं आहे! रक्तबी नाही आलं."

"आतला मार दिसत नाही, भाऊ. आज नाही खेळणार ते."

आम्ही हरलो. परतताना जीपमध्ये पोरीला उलटी झाली. जीप तशीच भंडाऱ्याला दवाखान्यात नेली. रक्तस्राव नव्हता, पण मेंदूला हादरा बसला होता. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली.

शाळा सुटली की मॅडम तिच्या घरी जायच्या. पोर रडायची, "मी बरी आहो ना! कायले बसवून ठेवता?"

"डोकं दुखनं थांबलं काय?"

पोर खाली बघायची. दुखणं थांबल्यावर आधी तलावाच्या पाळीवर चालणं, मग धावणं, आणि डॉक्टर हो म्हणाले तेव्हाच पकड. ती पुन्हा चढाईला गेली त्या दिवशी तिचे वडील मॅडमच्या शेजारी उभे होते.

एवढी काळजी का, हे मी एकदा विचारलं. कॉलेजात असताना त्यांचंही डोकं आपटलं होतं. कोणाला न सांगता त्या खेळत राहिल्या आणि पुन्हा आपटल्या. कित्येक महिने पुस्तकातल्या ओळी हलायच्या. ते थांबलं, पण वास येणं बंद झालं ते कायमचं.

म्हणून चैत्रात मोह पडू लागला, की शाळेमागच्या झाडाखालची फुलं ओंजळीत घेऊन त्या माझ्याकडे यायच्या. "कसा येऊन राहिला वास? सांग ना." मी सांगायचे. गोड, थोडा आंबूस, उन्हात तापलेला. त्या डोळे मिटून ऐकायच्या. "अजून सांग," म्हणायच्या. दरवर्षी माझे शब्द अपुरे पडायचे.

गेल्या हिवाळ्यात त्या हृदयविकारानं गेल्या.

आता मोह पडून राहिलाय. वर्गाच्या खिडकीतून वास आत येतो. यंदा मला शब्द सापडलेत.