डाव्या चाकाची माती

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, त्यातला बराचसा हौसेनं. पण एका माणसाचं उरलंसुरलं वावर पाइपाच्या पाण्यानं धुऊन टाकायचा पराक्रम एकदाच केला, आणि तोही साबण लावून. लोकांची शेतं पुरात वाहून जातात, समोरच्या भाऊजींचं माझ्या हातून गेलं. तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते, म्हणजे शहाणं व्हायला भरपूर वेळ मिळाला होता. पण दुसऱ्याचं बरं करायला निघालेल्या बाईला शहाणपण कधी आडवं येत नाही.

हे भाऊजी म्हणजे अमरावतीत आमच्या घरासमोर राहणारे, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले जीप-ड्रायव्हर. वीस वर्षं चालवलेली जीप लिलावात निघाली तेव्हा तीच त्यांनी घरी आणली. गाडी बाहेरून पुसणारे हजार सापडतील. गाडीचं आतलं अंग ओळखणारा असा माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नाही, हे मी शपथेवर सांगते. जीपचा रंग उडालेला, टपाला ठिगळ; पण बॉनेट उघडलं की आत असं लख्ख, की त्यांच्या बायकोनं, आमच्या ताईंनी, तिथे खुशाल पापड वाळत घालावेत. रविवारी सकाळी बॉनेट उघडायचं आणि आधी नुसतं बसायचं, इंजिन निवेपर्यंत. मी एकदा घाई केली तर म्हणाले, "वयनी, तापल्या अंगावर थंड पाणी टाकतात का कोणी? तुमच्या मालकावर टाकून पाहा बरं." मग बॅटरीला आणि करंटच्या वायरांना दुधाच्या रिकाम्या पिशव्यांच्या टोप्या. मग बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा बुरा कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून काढायचा. त्यासाठी ताईंच्या भज्यांचा सोडा हमखास पळवलेला असायचा. आणि मग ब्रश. साऱ्या कॉलनीचे टाकून दिलेले दातांचे ब्रश त्यांच्याकडे एका डब्यात होते, आणि कोणता कोणाचा ते त्यांना पाठ होतं. "हा तुमच्या मालकाचा. मेहनत करत नाहीत ते, पाहा, अजून सरळ उभा हाय. आन् हा तुमचा. दातांवर लय राग दिसते तुमचा." भाऊजी गेल्यावर ताईंनी तो डबा मला देऊन टाकला. त्यात माझा ब्रश सगळ्यात जास्त झिजलेला निघाला.

इंजिन झालं की पोतं अंथरून ते मडगार्डच्या खाली शिरायचे आणि जुन्या उलथन्यानं आतला चिखल खरवडायचे. बाहेर फक्त दोन पाय. ताई चहा घेऊन आल्या की पायांनाच विचारायच्या, "ठेवू का इथं?" आणि पायाचा अंगठा हलायचा. "पत्रा आतून सडते वयनी," ते खालून शिकवायचे. "वरून पॉलिश मारून काय फायदा? माणसाचंबी तसंच हाय." एवढं सगळं करून मागचं डावं चाक मात्र ते पुढे पुढे सोडून द्यायला लागले. त्याच्या मडगार्डच्या आत चिखल वाळून दगड झालेला. मी चिडवायची, "भाऊजी, या चाकाशी सोयरीक तुटली का?" ते म्हणायचे, "राहू द्या, त्याची पाळी यायची हाय." रस्त्यात डबकं दिसलं तर ते चाक वाचवायला जीप अशी तिरपी काढायचे की समोरचे सायकलवाले नालीत जायचे. आम्ही समजलो, कंबर धरली असेल, त्या बाजूला वाकवत नसेल. मी तर सगळ्या कॉलनीला तसं सांगूनही आले.

ती वर्षं वाईट होती. रोज कुठल्या तरी शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी, म्हणून सकाळचा पेपर आमच्याकडे तेव्हा घडी न मोडताच रद्दीत जायचा. दर्यापूरकडे भाऊजींचं वडिलोपार्जित वावर होतं, धाकटा भाऊ ते करायचा. कापसानं लागोपाठ दगा दिला, आणि एका मृगात ते वावर विकलं. भाऊ अकोल्याला एका दालमिलवर चौकीदार झाला, बैलजोडीही गेली. याबद्दल भाऊजी एक अक्षर बोलले नाहीत. फक्त त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावतात ना, तसं त्यांनी पळसाच्या पानानं जीपच्या मडगार्डांना लावलं आणि हेडलाइटजवळ तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी इतकी हसले की ठसका लागला. हसले, हे लिहायला आज लाज वाटते, पण हसले.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर भाऊ तापानं पडला, म्हणून भाऊजी आणि ताई बसनं अकोल्याला गेले. जीप शेडमध्ये तशीच. मला वाटलं, गेल्या वर्षी हसले ते फेडावं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी पदर खोचला, पिशव्यांच्या टोप्या घातल्या, सोडा घरचा घातला, इंजिन पुसलं, आणि शेवटी पोतं अंथरून डाव्या चाकाखाली शिरले. अर्धा तास उलथनं चालवलं. काळी ढेकळं खाली पडली. एकात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, वाळकी काडी होती. साबण लावून सगळ्यावर पाइप सोडला. हळद-तूप लावलं, हेडलाइटला आवतणही दिलं.

पोळ्याच्या सकाळी दोघं परत आले. भावाला उतार पडला होता. भाऊजींनी बॉनेट उघडलं, "वा वयनी, हात बसला तुमचा!" म्हणाले. मी फुलले. मग ते मागे गेले, डाव्या चाकाशी बसले, आत हात घातला. हात बराच वेळ आतच राहिला. बाहेर आला तेव्हा ओला, स्वच्छ होता. ते उठून घरात गेले.

ताईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "अवो माय, काहून केलं वो हे! खरेदीखत झालं त्या दिवशी पाऊस पडून गेला होता. हे म्हणाले, एक चक्कर मारतो. साऱ्या वावरात या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत जीप चालवली. डावं चाक फसलं. भावानं मागून रेटलं तेव्हा निघाली. त्या चाकाची माती हे कोणाले हात लावू देत नव्हते." मी म्हटलं, मला सांगायचं तरी! ताई म्हणाल्या, "मलेबी त्यायनं सांगितलं नाही. मी पाहून समजली."

मी वाटी घेऊन धावले. पाणी शेडमधून नालीत आणि नालीतून रस्त्याखालच्या पाइपानं आमच्या अंगणात, संत्र्याच्या झाडाच्या आळ्यात गेलेलं. तिथे उकिडवी बसून मी चिखल वाटीत भरत होते. त्यातला कोणता माझ्या अंगणाचा आणि कोणता त्यांच्या वावराचा, कुठून कळणार? सगळा सारखाच काळा. हुंदका येत होता आणि गुडघेही दुखत होते. सावली पडली म्हणून वर पाहिलं, तर भाऊजी. त्यांनी माझ्या हातातून वाटी घेतली, हळूच आळ्यात उलटी केली, वरून तळव्यानं माती दाबली आणि म्हणाले, "राहू द्या वयनी, आता इथंच राहू द्या. फक्त या झाडाले पाणी जरा कमी घालत जा. आमच्या वावराची माती लय पाणी धरते."