दाराकडे तोंड

दगडूतात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, आणि तेही माझ्याच लग्नात. निमगाव केतकीला, भर मे महिन्यात. अंतरपाट धरलेला, भटजींचा आवाज टिपेला गेलेला, सगळं गाव टाचा उंच करून आमच्याकडे बघतंय; आणि एक उंचेला, पांढऱ्या टोपीचा म्हातारा मात्र कमरेवर हात ठेवून, स्टेजकडे सरळ पाठ करून मांडवाच्या दाराकडे बघत उभा. मला असा राग आला! जन्मात एकदा एवढी नटले होते आणि हा माणूस बांबू बघत होता. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये अर्ध्याअधिक फोटोंत ती पाठ आहे. नवऱ्याच्या आत्याबाई एकाही फोटोत धड आल्या नाहीत, तात्यांची पाठ मात्र सगळीकडे.

पण शेवटचं ‘सावधान’ झालं आणि त्या पाठीनं एक हात वर केला. त्याबरोबर पंगतीच्या बाजूची कनात, म्हणजे मांडवाची कापडी भिंत, दोघा गड्यांनी झटक्यात सोडली. आमच्याकडे अक्षता पडली की सगळा मांडव एकाच वेळी पंगतीकडे वळतो. नवरा-नवरीनं एकमेकांच्या गळ्यात हार घातले की नाही, हे बघायलाही कोणी थांबत नाही. त्या दिवशी हजारभर माणूस उघड्या बाजूनं असं सहज बाहेर पडलं की कुणाच्या पायावर पाय पडला नाही. वडील म्हणाले, “मांडव दगडूतात्यांचा असला की पोरीच्या बापाची निम्मी काळजी जाते.”

पुढे मी बारामतीत एका खासगी सल्लागार कंपनीच्या ऑफिसात नकाशे काढायच्या नोकरीला लागले, आणि तात्यांचं मांडवाच्या सामानाचं गोडाऊन नेमकं आमच्या मागच्या गल्लीत निघालं. येता-जाता ओळख वाढली. तेव्हा कळलं की पाठ करून उभं राहणं हे फक्त धंद्यापुरतं नव्हतं. कीर्तन असो, सत्कार असो, शाळेचं गॅदरिंग असो, तात्या खुर्ची उलटी फिरवून दाराकडे तोंड करून बसायचे. त्यांच्या घरच्या काकू सांगायच्या, “येकदा मला पिक्चरला घिऊन गेले. समदा पिक्चर ह्यांनी लोकांच्या तोंडावरच बगितला. भाईर आल्यावर म्हनतात कसं, चांगला व्हता, मानसं लई हासत व्हती!”

मी एकदा विचारलंच, तात्या, दारात असं काय असतं? त्यावर ते म्हणाले, “पोरी, मानूस येतो येकयेकटा आन जातो समदा मिळून. येताना त्याला दार सापडतंच. जाताना दारानं त्याला सापडाया पायजे.” तात्या मूळचे पळसदेवचे. उजनी धरणाचं पाणी उतरलं की तिथं जुनं देऊळ उघडं पडतं. त्याचाही दाखला ते द्यायचे. “पानी हाय तवर देऊळ कुनाला दिसतं? मांडवाचं बी तसंच. गर्दी उतरताना बगावा, तवा कळतंय तो कसा हाय.”

शहराच्या मधोमध, जुन्या बाजाराच्या रिकाम्या मैदानावर मोठं संकुल करायचं ठरलं आणि त्याचा आराखडा आमच्या कंपनीकडे आला. कुस्ती-कबड्डीसाठी इनडोअर स्टेडियम, त्याला जोडून परिषदांचं सभागृह, प्रदर्शनाची जागा, हॉटेल, गाळे. आमचे साहेब पुण्याचे, हुशार आणि कामाला वाघ. पूर्वेला हमरस्त्यावर काचेचं भव्य प्रवेशद्वार, समोर कारंजी. दक्षिणेला, एसटी स्टँडच्या बाजूला, बाहेर पडायची दोन मोठी दारं होती. एके दिवशी साहेब म्हणाले, “दक्षिणेला आणखी चार गाळे बसतात का बघ.” मी बसवले. दोन दारं पुसली आणि तिथं सलग भिंत ओढली. साहेबांनी शाबासकी दिली आणि मी ती घेतली. वाईट वाटलं का? खरं सांगते, तेव्हा काहीच वाटलं नाही. उलट आपल्याला जमलं म्हणून मी त्या संध्याकाळी घरी भेळ घेऊन गेले होते.

मग हरकती आणि सूचनांची सभा झाली. टेबलावर कापसाची झाडं लावलेलं मॉडेल मांडलेलं. लोक वाहवा करत होते. तात्या मॉडेलभोवती तीनदा फिरले आणि म्हणाले, “समदं झ्याक हाय साहेब. पर लोकं जायाची कुठनं?”

साहेबांनी पूर्वेचं दार दाखवलं. तात्या म्हणाले, “त्यो यायचा रस्ता झाला. इंदापूरचा, कळंबचा मानूस यष्टीनं येनार. खेळ संपला की त्यो स्टँडकडं पळनार. त्याचं तोंड दक्षिणंला, आन तितं तर तुमी भित घातलीया.”

“आम्ही कॉम्प्युटरवर तपासलंय, आजोबा. लोक टप्प्याटप्प्यानं बाहेर पडतात.”

“कुठली लोकं, साहेब? आमची न्हाईत ती.”

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “तात्या, हॉल झाला की तुमचा मांडव बसला, म्हणून पोटात दुखतंय व्हय?” सभा हसली. तात्यांचे कान लाल झाले. उभ्या जन्मात त्यांच्या कामाला कुणी असं नाव ठेवलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, “माज्या पोटाचं मी बगीन. तुमी लोकांच्या पायाचं बगा.” आणि टोपी सारखी करून निघून गेले. मी मान खाली घालून सभेचं टिपण लिहीत बसले. हरकत फेटाळली गेली. दोन महिन्यांनी पायाची खोदाई सुरू होणार होती.

आठवड्यानं तात्या आमच्या ऑफिसच्या दारात उभे. ऑफिसात ते मला मॅडम म्हणायचे. “मॅडम, तुमचा त्यो नकाशा सूचना-फलकावर लावलाय, त्याची मापं मला वाचून दावा. फूट न् फूट.” मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, “नातीचं लगीन हाय. सायलीचं. त्याच मैदानात मांडव घालनार हाय.”

तात्यांनी खरोखर तो नकाशा मैदानावर उतरवला. खांबाच्या जागी बांबू, भिंतीच्या जागी कनात, काचेच्या दाराच्या जागी फुलांची कमान. मधल्या खेळाच्या जागेवर सतरंज्या. दक्षिणेला माझी भिंत, सलग, निळ्या कापडाची. मी तिच्या कडेनं चालत निघाले. कागदावर ती बोटभर होती. इथं चालताना संपेचना.

सायली कॉलेजात शिकवते. जिभेला हाड नाही. ती आजोबांना म्हणाली, “तात्या, हे माझं लगीन हाय का तुमच्या मांडवाची परीक्षा?”

“दोनी,” तात्या म्हणाले. “तू पास व्हशीलच. मला बगू दे.”

लग्नाला अख्खा तालुका लोटला. आमचे साहेब सपत्नीक आले, पहिल्या रांगेत बसले. पंगत दक्षिणेला, भिंतीपलीकडे, स्टँडच्या बाजूला मांडलेली. मसालेभाताचा वास आत येत होता. तात्या नेहमीसारखे दाराकडे तोंड करून स्टुलावर चढले. दक्षिणेच्या कनातीलगत हात-हात अंतरावर त्यांचे जुने गडी दोऱ्या धरून उभे होते, डोळे तात्यांच्या हातावर. मागे त्यांची नात बोहल्यावर उभी होती. सहा मंगलाष्टकं झाली, तात्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

‘सावधान’ झालं, अक्षता उडाल्या आणि सगळा मांडव दक्षिणेकडे वळला. भिंतीला थडकला. मग तिथून पूर्वेच्या कमानीकडे वळला. मागचे अजून दक्षिणेला येत होते, पुढचे पूर्वेला वळत होते, आणि मधोमध आमचे साहेब. एका बाजूला निमगावच्या एक भरदार आजीबाई, दुसऱ्या बाजूला जेवणाची घाई झालेले त्यांचे चार नातेवाईक. साहेबांचा फेटा सुटला. “अहो, जरा... एक मिनिट...” म्हणत ते हात वर करायला बघत होते, पण हात वर करायलाही जागा नव्हती. आजीबाई त्यांना म्हणाल्या, “ढकलताय काय, भात पळून चाललाय व्हय?”

तात्यांनी फार वेळ घेतला नाही. साहेबांचा चेहरा त्यांना दिसला असावा. हात वर गेला आणि निळी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली आली. पाटाचं दार उघडल्यावर पाणी जातं तसे लोक गेले. साहेब तिथंच उभे राहिले, एका पायात बूट नव्हता. तात्या स्टुलावरून उतरले, तो बूट शोधून आणला, त्यांच्यापुढे ठेवला आणि अगदी नरमाईनं म्हणाले, “कापडाची भित व्हती साहेब, म्हनून सोडली. इटांची सोडाया कोन येनार?”

माणूस कसा पारखायचा तर तो हरल्यावर काय करतो ते बघून, असं मला वाटतं. साहेब बूट घालून तसेच उघड्या बाजूनं पंगतीला गेले, तात्यांच्या शेजारी बसले आणि जेवता जेवता म्हणाले, “तात्या, दारं दोन पुरतील का चार लागतील?”

मी मात्र जेवले नाही. पंगत उठल्यावर तात्यांना बाजूला घेऊन सांगून टाकलं, “तात्या, ती भिंत मी ओढली होती. आधी तिथं दारं होती.” माझे डोळे भरून आले होते.

“मला ठावं हाय,” ते म्हणाले. “सभंत तुजी मान खाली व्हती. आगं, कागदाला रबर लागतं, इटंला घन लागतो. आजून कागदच हाय. जा, पूस.”

सोमवारी मी ती भिंत पुसली. चार दारं काढली, गाळे उत्तरेला नेले. एवढ्या समाधानानं मी आजवर रबर चालवलेलं नाही.

संकुल उभं राहिलं. उद्घाटनाला कबड्डीचे सामने ठेवले होते, आणि सत्कारात पहिलं नाव होतं दगडूतात्यांचं. ज्यानं सभेत पोटदुखी काढली होती, तोच माइकवरून त्यांचं नाव पुकारत होता. मला धास्ती, हे शाल-नारळ घेतानाही पाठ फिरवतात की काय. तात्या स्टेजवर चढले, पाहुण्यांच्या रांगेत खुर्चीवर टेकले, समोर बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. स्टेजच्या पायऱ्यांशी मी उभी होते, माझ्याकडे वाकून म्हणाले, “पोरी, हितं लई बरं हाय की! हितनं समदी दारं दिसत्यात. मला आदी कुनी सांगितलं का न्हाय?”

शेवटचा सामना सुटला. सगळं स्टेडियम एकाच वेळी उठलं, जसं आमच्याकडे उठतं तसंच, आणि दक्षिणेच्या चारही दारांतून स्टँडकडे निघालं. कडेवरची पोरं, काठी टेकणारे म्हातारे, पाणीपुरीकडे धावणाऱ्या पोरी. कुठं थडक नाही, कुठं ओरडा नाही. तात्या स्टेजच्या कडेला उभे राहून शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी मोठ्यानं टाळी वाजवली. रिकाम्या स्टेडियममध्ये ती एकच टाळी घुमली.

“पानी उतरलं,” ते म्हणाले. “देऊळ झ्याक हाय.”

मी निघायला लागले तशी त्यांनी हाक मारली. जरा ओशाळल्यासारखे दिसत होते. “पोरी, सायलीच्या लग्नाचा व्हिडिओ तुज्या मोबाइलमदी आसंल न्हवं? तिच्यावर अक्षता पडल्याली बगायची ऱ्हायलीया माजी.”

आम्ही पहिल्या रांगेत बसलो. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. अंतरपाट दूर झाला, सायली हसली, अक्षतांचा पाऊस पडला, आणि तात्यांनी टोपी काढून डोळे पुसले. चारी दारं सताड उघडी होती, बाहेरून एसटीच्या हॉर्नचा आवाज येत होता. दारांकडे पाठ करून बसलेले तात्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.