वाळूच्या परातीत ‘मर’ कोणी लिहिलं?

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. फजिती माझीच आहे. वर्ग वाचला, पोरं परत आली, म्हणून आता सांगायची हिंमत झाली!

निघोजे गावात मी बालवाडी घेते. एका कारखान्यामागची पत्र्याची खोली, त्यात अठरा पोरं. पाटीवर शिकवलेलं डोक्यात शिरेना, म्हणून मी परातीत बारीक वाळू पसरली. बोट फिरवायचं, अक्षर काढायचं. आकडे मोजायला चिंचोके. पोरं खूश, मी त्याहून खूश!

एका सकाळी आले, तर परातीत एकच अक्षर. म. आदल्या दिवशी जाताना वाळू मी स्वतः सपाट केलेली. झाडलोट करणाऱ्या मावशींनी कुलूप लावलेलं. पोरं तर अजून यायचीच होती. मग लिहिलं कोणी?

दुसऱ्या दिवशी, मर.

पुढच्या कारखान्यात पत्रा दाबायचा प्रेस धपकन पडला की परातीतली वाळू थरथरते. मला वाटलं, अक्षरं श्वास घेताहेत!

तिसऱ्या दिवशी, मरबई.

अहो, मला सगळे ‘बाई’च म्हणतात! म्हणजे ही थेट मला धमकी! तरी मनात आलंच, भुताचं शुद्धलेखन कच्चं आहे.

“मावशी, इथं आधी काय होतं हो?”

“पडीक रान. एक हीर व्हती, बुजवली. का वो बाई?”

“त्या विहिरीत कोणी… गेलं होतं का?”

“लई वरसं झाली त्याला,” मावशी म्हणाल्या आणि झाडू घेऊन बाहेर गेल्या.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “कंपनीत जिवंत माणसांचा त्रास पुरे आहे मला!”

मग मी फक्त एका पोराच्या आईच्या कानात सांगितलं. फक्त एका! दुसऱ्या दिवशी अठरातली सात पोरं आली. बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या मॅडमचा फोन आला, “पटसंख्या भरली नाही तर वर्ग बंद करावा लागेल.”

आता काय करणार? लिंबू, मिरच्या, नारळ घेऊन मी तासभर आधी पोचले. दार नुसतं लोटलेलं. आतून आवाज, सर्र… सर्र… फटीतून पाहिलं. पाठमोरी बाई. केस मोकळे. परातीवर ओणवी.

मी डोळे मिटले आणि नारळ भिरकावला! नारळ परातीत, वाळू पत्र्यापर्यंत!

“आई गं, मेले की वो!” भूत किंचाळलं.

आवाज ओळखीचा. डोळे उघडले तर मावशी! नुकत्याच न्हायलेल्या.

“तुम्ही? रोज तुम्हीच लिहीत होता?”

मावशींनी हात पाठीमागे लपवला. “झाडता झाडता पोरांचं बघून-ऐकून शिकले. कुनाला सांगू नगा. माजंच नाव लिवते.”

“काय नाव?”

दोन वर्षं एकत्र काम केलं, पण हे मी कधी विचारलंच नव्हतं बघा.

“मीराबाई.”

म. र. ब. ई. मी मटकन खालीच बसले.

“अहो, मग ‘मी’ची वेलांटी कुठाय? ‘रा’चा, ‘बा’चा काना कुठाय?”

मावशी केसांतली वाळू झटकत म्हणाल्या, “तुमी शिकवला कुठं अजून?”