धाकधूककाका आणि आमची सात कॉलेजांची लीग

आमच्या धाकधूककाकांइतका घाबरट माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि मी स्वतः काही कमी भित्री नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की माझं रामनाम सुरू होतं. पण काका म्हणजे कमाल! मॅच दुपारी दोनला असली की हा गृहस्थ साडेदहालाच हॉलच्या दारात उभा, केअरटेकरच्याही आधी. दार उघडलं की पहिलं काम म्हणजे बास्केटच्या रिंगा मोजायच्या. अहो, दोनच असतात! तरी मोजायचे.

मी पुण्याहून कार्डिफला मास्टर्स करायला आले, त्याच वर्षी त्यांची गाठ पडली. काका मूळचे सांगलीचे. तीसेक वर्षं इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात गेली आणि रिटायर झाल्यावर वेल्समधल्या सात छोट्या कॉलेजांच्या मुलींच्या बास्केटबॉल लीगचे ते बिनपगारी सेक्रेटरी झाले. मी शाळेत खेळलेली आहे हे कळल्यावर त्यांनी मला टेबलावर बसवलं. टेबल म्हणजे कोर्टाच्या कडेचं, जिथून स्कोअर लिहितात आणि घड्याळं चालवतात ते. धाकधूककाका हे नाव आम्हा तीन-चार मराठी पोरींनी पाठीमागे ठेवलेलं. एकदा त्यांच्या कानावर गेलं. म्हणाले, "धाकधूक ठीक आहे गं, पण काका कशाला? वय कळतं."

या माणसाला एकच ध्यास होता. मोठ्या लीगच्या विजेत्या टीम वर्षाच्या शेवटी नॅशनल स्पर्धेला जायच्या. तिथे जागा आठ, आणि त्यातली एकही आमच्या लीगला नव्हती. आमची चॅम्पियन टीम कप घ्यायची, पिझ्झा खायची आणि घरी जायची. वर मध्यवर्ती कमिटीत कुजबुज चालू होती की ही लीग बंद करून मोठीत विलीन करावी. तसं झालं असतं तर आमच्या सातातल्या निम्म्या टीम त्याच वर्षी मेल्या असत्या. दर आठवड्याला पार इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला बस न्यायला त्यांना कोण देणार होतं? काका कमिटीला पत्रांवर पत्रं लिहायचे. "आठातली एक खुर्ची द्या म्हणावं," ते म्हणायचे. "सिंहासन कोण मागतंय?"

पण नुसत्या पत्रांनी पत वाढत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या निकालांच्या तक्त्यात दर वसंतात 'रद्द, रद्द, रद्द' असं लिहिलेलं असायचं, आणि कमिटी नेमकं तेवढंच वाचायची. कारण काय, तर डोंगरातल्या शेतकी कॉलेजच्या मुली तेव्हा मेंढ्यांच्या बाळंतपणात गुंतलेल्या असायच्या. कोणीतरी सुचवलं, त्या कॉलेजलाच काढून टाका. काका खवळले. "मेंढी काय तुमचं टाइमटेबल बघून विते?" असं म्हणून त्यांनी सगळ्या लीगचं वेळापत्रक मेंढ्यांच्या हिशोबानं मांडलं. त्या वर्षी एकही मॅच रद्द झाली नाही.

त्यांची दुसरी रीत म्हणजे सोमवारची बैठक. इथे कॉलेजच्या मॅचेस बुधवारी. काका सोमवारी सगळ्या कॅप्टनना आणि टेबलवाल्यांना व्हिडिओ कॉलवर गोळा करायचे आणि एकेकीला विचारायचे, "बोल, कशाची भीती वाटते?" बस बंद पडेल. रेफरी येणार नाही. बॉलमधली हवा जाईल. काका सगळं वहीत उतरवून घ्यायचे आणि प्रत्येक भीतीपुढे तोडगा लिहायचे. दुसऱ्या ड्रायव्हरचा नंबर, राखीव रेफरी, दोन पंप. "बुधवारी घाबरायला सवड नसते," ते बजावायचे. "काय घाबरायचं ते आत्ताच उरकून घ्या." वेल्श पोरी आधी खिदळायच्या. नंतर नंतर त्याच यादी करून आणायला लागल्या.

अखेर कमिटीनं कळवलं की मोठ्या लीगच्या टीमशी चार मॅचेस खेळून दाखवा. आम्ही निरीक्षक पाठवू. लायक वाटलात तर खुर्ची, नाहीतर विलीनीकरण. काका ते पत्र वाचून इतके घाबरले की दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. पहिल्या तीन मॅचेसमध्ये आम्ही एक जिंकलो, दोन थोडक्यात हरलो. चौथी कार्डिफला होती. निरीक्षकबाई आमच्या टेबलामागेच बसल्या. माझ्याकडे चोवीस सेकंदांचं घड्याळ होतं. तेवढ्या वेळात शॉट रिंगला लागला नाही तर बॉल समोरच्यांना जातो. शॉट रिंगला लागून बॉल परत आपल्याच हाती आला तरच घड्याळ पुन्हा चौदा सेकंदांवर न्यायचं.

शेवटचं मिनिट. आम्ही एका पॉइंटनं मागे. आमच्या मुलीनं शॉट मारला, बॉल रिंगला न लागता खाली आला, आमच्याच दुसरीनं तो पकडला. माझ्या घड्याळावर दोन सेकंद उरले होते. आणि मी बटण दाबलं! का दाबलं, देव जाणे. चौदा सेकंद नव्यानं मिळाले, त्यात आमचं बास्केट झालं, आम्ही एकानं पुढे. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, रेफरीच्याही नाही. मी उठून सांगायला हवं होतं, पण मी घड्याळाकडे बघत बसून राहिले. शेजारी काका बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. मग त्यांनी हात लांब करून बझर दाबला आणि उभे राहून रेफरीला बोलावलं.

बास्केट रद्द झालं. आम्ही एका पॉइंटनं हरलो. आमची कोच माझ्याकडे न बघता निघून गेली, आणि मी सामानाच्या खोलीत जाऊन हमसून हमसून रडले. काका मागोमाग आले. "काका, कोणाला कळलं नव्हतं हो," मी म्हटलं. "मी घालवली तुमची खुर्ची."

"तुला कळलं होतं ना? मलाही." ते गाद्यांच्या ढिगावर बसले. "हे बघ मुग्धा, हरल्याची भीती शुक्रवारपर्यंत टिकते. ही जन्मभर टिकली असती. तुझ्या वयाला ती कशाला?" त्यांनी थर्मास काढला, पण झाकण काही त्यांना उघडेना. शेवटी मीच उघडून दिलं. मग आम्ही दोघांनी एकाच झाकणातून चहा प्यायला.

कमिटीचं उत्तर आलं, यंदा नाही, पुढच्या हंगामात पुन्हा बघू. म्हणजे लीग तूर्त वाचली. मला इंग्लंडमधल्या रीडिंग गावी नोकरी लागली, तरी सोमवारचा कॉल मी चुकवत नव्हते. नव्या हंगामाचं वेळापत्रक काकांनी मला तपासायला पाठवलं, तर त्यात एकच टीम एकाच दिवशी दोन गावांत खेळत होती. चारदा तपासणाऱ्या माणसाची ही चूक! मी ती गुपचूप दुरुस्त केली आणि कोणाला बोलले नाही. पुढच्या महिन्यात काकांनी आणखी दोन चुका केल्या. त्याही मी झाकल्या. मग एका सोमवारी काका कॉलवर आलेच नाहीत. त्यांच्या मुलीचा, शिल्पाचा फोन आला. "मुग्धा, बाबाला घर सापडत नव्हतं. मी त्याला लंडनला, स्टॅनमोरला माझ्या घरी घेऊन आले." मी आधी बोलले असते तर, हा विचार मला आजही झोपताना सोडत नाही.

लीग पोरींनीच चालवली. बैठक, यादी, पंप, सगळं. आणि या वर्षी खुर्ची मिळाली. नॅशनलच्या दिवशी माझी जागा खरं तर आमच्या टीमच्या बाकामागे होती, पण मी आयपॅड घेऊन स्टॅनमोरला गेले. शिल्पानं दारातच सांगितलं, "ही इज सो शांत नाऊ. बाबा आता कशालाच घाबरत नाही."

मॅच सुरू झाली. काका कोचावर मांडीवर शाल घेऊन बसले होते आणि चवीनं चिवडा खात होते. शेवटच्या दोन मिनिटांत स्कोअर बरोबरीत आला. मला बसवेना. "काका, मला फार भीती वाटतेय हो," मी म्हटलं.

"कशाची गं?" त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "काही होत नाही. खेळ तर आहे."

आमच्या मुली तीन पॉइंटनी जिंकल्या. मी टाळ्या वाजवल्या, म्हणून त्यांनीही वाजवल्या. स्क्रीनवर त्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि काका कौतुकानं बघत होते.

"काय छान खेळतात!" ते म्हणाले. "एखाद्या मोठ्या लीगच्या दिसतायत या मुली, नाही?"

"हो काका," मी म्हटलं. "मोठ्याच लीगच्या आहेत." आणि माझी अशी पाचावर धारण बसली की मी त्यांचा हात सोडूच शकले नाही.