तळ न दिसणारं पाणी : पोलादपूरच्या वाडीतलं शेततळं

दिवाळी होऊन फराळाचे डबे रिकामे झाले होते, तेव्हा सुनंदाताईचा फोन आला. ताई माझी मावसबहीण. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीत दिलेली. फोनवर ती कधीच दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलत नाही, त्या दिवशी मात्र फोन ठेवेचना. शेवटी म्हणाली, "वैशू, चार दिस ये गो. तू घरात असलीस म्हंजे हे ओरडत नाय."

हे म्हणजे बाळाराम भावोजी. जन्मभर मुंबईत नोकरी करून दोन वर्षांपूर्वी गावी परतलेले. ओरडण्यासारखं काय झालंय, ते तिनं सांगितलं नाही. मी नवऱ्याला डाळ-तांदूळ कुठे आहेत ते दाखवलं आणि गाडी काढली.

पुण्याहून महाडला जायचे दोन-तीन रस्ते आहेत. मी भोरवरून वरंध घाट घेतला. पावसाळ्यात हा घाट बऱ्याचदा बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. पेट्रोल भोरमध्येच भरून घ्या आणि वळणावर हॉर्न वाजवायला लाजू नका. घाटमाथ्यावर वाघजाईच्या देवळाजवळ भज्यांच्या टपऱ्या आहेत. प्लेट हातात घेऊन कठड्यापाशी उभी राहिले. समोर कोकण धुक्यात होतं आणि हातातली भजी माकडाला हवी होती. "ताई, प्लेट आत घ्या, तो रोजचा गिऱ्हाईक हाय," टपरीवाली म्हणाली.

घाट उतरल्यावर थोडी वाकडी वाट करून शिवथरच्या घळीत गेले. पावसाळा सरून गेल्यामुळे धबधबा बारीक झाला होता आणि गर्दीही नव्हती. आत बसलं की पाण्याचा आवाज येतो, पाणी दिसत नाही. मी बराच वेळ डोळे मिटून बसले. इथे घाईनं येऊ नका, तासभर तरी हातात ठेवा.

महाडला पोचेपर्यंत औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली होती. कामगारांच्या बसगाड्या आणि मोटरसायकली यांच्यामधून मुंगीच्या पावलानं गावात शिरले. बाजारातल्या एका साध्या खानावळीत सुरमईची थाळी घेतली, तीनशेच्या आत पोटभर. मग चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर थोडी टेकले. शेजारी एक बाप त्याच्या लहान मुलीला तळं दाखवत होता. ती म्हणाली, "एवढंच पाणी?" तो म्हणाला, "एवढंच. पण हात लावू देत नव्हते." मुलीनं वाकून पाण्याकडे पाहिलं. मीही तिच्यासारखीच पाहत राहिले. मुक्कामाला महाडमध्ये बऱ्या खोल्या मिळतात, मला मात्र ताईकडे पोचायचं होतं.

महाड ते पोलादपूर हमरस्ता रुंद आणि सरळ. पोलादपूरहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की सावित्री कधी डाव्या, कधी उजव्या हाताला सोबत करते. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ताई म्हणाली, "उगा लोक येतील." शेवटचा चढ गाडीनं पहिल्या गिअरमध्ये रडत काढला.

संध्याकाळी भावोजींनी आधी तळं दाखवलं, चहा नंतर. घरामागे नाचणीच्या जुन्या वावरात खणलेलं, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. मी बांधावर उभी राहिले आणि चकितच झाले. असं नितळ पाणी मी डोंगरातल्या झऱ्यालाच पाहिलं होतं. तळाच्या प्लास्टिकच्या सुरकुत्या दिसत होत्या आणि त्यांच्यावरून माशांच्या सावल्या सरकत होत्या.

"किती सुंदर ठेवलंय!" मी म्हणाले.

भावोजींचा चेहरा फुलला. "मेंटेन केलाय. आमचा क्लबचा स्विमिंग पूल असाच असायचा. वरनं नाणं टाकलं तर छापा की काटा, वाचून घ्या."

तर भावोजींचं काम हे होतं. मुंबईतल्या एका क्लबात पोहण्याचा तलाव राखायचा. सकाळी पाणी तपासायचं, फिल्टर चालवायचा, फरशी घासायची.

"मुंबईसनं माणसं टीवी आणतात," ताई मागून म्हणाली. "ह्यांनी ब्रश आणला."

खरंच, पडवीत लांब दांड्याचा ब्रश टांगलेला होता. भावोजी त्यानं प्लास्टिकवरचं शेवाळ घासत. पाणी जरा गढुळलं की तुरटी फिरवत. ओढ्याचं पाणी पाइपनं सोडून जुनं काढून टाकत. खाद्य मूठभर, तेही उरलं की जाळीनं लगेच उचलायचं.

मासे मात्र मला विचित्र वाटले. मी बाजारातून रोहू आणते, त्याचं अंग भरलेलं असतं. इथल्या माशांचं डोकं मोठं होतं आणि मागे शेपटीपर्यंत नुसती निमुळती पट्टी. पण पाहुण्यानं कशाला बोलावं?

रात्री जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. वाढताना ताईनं सांगितलं ते मोजक्या शब्दांत. मासे वाढत नाहीत. क्लबातून बोलावणं आलंय, उन्हाळ्याआधी या, जुन्या माणसासारखं पाणी कुणाला राखता येत नाही. संक्रांतीपर्यंत कळवायचंय. मासे असेच राहिले तर भावोजी जाणार.

"लग्न झाल्यापास्नं गणपती नि शिमगा, येवढाच संसार झाला गो माझा," ती म्हणाली. "आता कुटं माणूस घरात दिसाय लागलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीच्या धुरानं खोकला येऊन मला लवकर जाग आली. दात घासायला बाहेर आले तर ताई हातात बादली घेऊन तळ्याच्या कोपऱ्यावर उभी. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि शेणाचा काला पाण्यात ओतला. वळून मला पाहिल्यावर तोंडावर बोट ठेवलं.

नंतर गोठ्यात तिनं खुलासा केला. महाडकडचे दळवी मत्स्यबीज विकतात, त्यांची स्वतःचीही तळी आहेत. बोटभर पिल्लं आणून दिली तेव्हाच ते तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, पाणी जरा हिरवं होऊ द्या, त्यातच माशांचं खाणं असतं. भावोजींना हे सांगायचं कुणी? म्हणून भावोजी झोपेत असले किंवा पोलादपूरला गेले की ताई शेण टाकायची. चार दिवसांत पाण्यावर हिरवट झाक यायची. भावोजी परत तुरटी फिरवायचे. वर्षभर नवरा-बायकोचं हेच चाललं होतं.

"आज दळव्यांना चहाला बोलावलाय," ताई म्हणाली. "म्हणून तुला बोलवली."

दळवी आले ते मोटरसायकलवर, पोटावर पिशवी आवळून. गडगडाटी हसणारा माणूस. आम्ही सगळे बांधावर गेलो. त्यांनी बाही वर सारून हात पाण्यात घातला, पार खांद्यापर्यंत, आणि स्वतःच्या तळव्याकडे पाहत म्हणाले, "भाऊ, माज्या हातावरची आयुष्याची रेघ दिसते हो हितनं. मासं खाणार काय, रेघ?"

भावोजी हसले नाहीत.

दळव्यांनी मग समजावून सांगितलं. ज्यांना तळं करायचंय त्यांच्यासाठी मी इथे देते. पाण्यातली हिरवी झाक म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती. त्यांच्यावर बारीक जीव जगतात. या दोन्हींवर कटला-रोहू वाढतात आणि उन्हात याच वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात. प्लास्टिकच्या तळ्यात माती नसते, म्हणून ही सुरुवात आपण करून द्यायची. पोत्यात शेण भरून कोपऱ्यात टांगायचं, थोडं थोडं झिरपतं. हात बुडवला की तळवा कोपराच्या आसपास दिसेनासा व्हावा. मनगटालाच नाहीसा झाला तर पाणी फार हिरवं, मग रात्रीतून प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळतात. तेव्हा शेण बंद, खाद्य बंद, ताजं पाणी सोडायचं. ढगाळ दिवसांत हात आखडता. वरून भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड भिजवून द्यायची, पण उधळायची नाही. ताटलीत ठेवून दोरीनं खाली सोडायची, दोन तासांनी वर ओढून पाहायची. उरलं तर उद्या कमी, पुसून खाल्लं तर उद्या थोडं जास्त.

"आणि पाण्याचा सामू, म्हंजे पीएच, बघायचा. जमंल?"

"थेंब टाकून रंग बघायचा तो?" भावोजी पहिल्यांदा बोलले. "तोच बघत जलम गेला माजा."

"मग निम्मं काम झालंच की!"

"पण हिरवं पाणी माज्यानं नाय बघवणार," भावोजी म्हणाले आणि बांधावर खाली बसले. "तळ दिसला पायजे."

"का हो?" मी विचारलं.

ते सोबत आणलेल्या ब्रशाच्या दांड्याशी चाळा करत राहिले. "एकदा फिल्टर बंद पडला व्हता. पाणी दुधावाणी. साब लोक बोलले, चलता है, संडे है. वर सगळी हसतायत, खेळतायत. मी उतरलो ब्रश शोधाया, तर पायाला मऊ लागलं. पोरगी व्हती. कुणाची तरी सात-आठ वर्साची." त्यांनी दांडा बाजूला ठेवला. "वाचली. पण पाय पडला म्हणून वाचली. तवापास्नं मी गढूळ पाण्यात कुणाला उतरू दिला नाय. तळ दिसत नाय तर खाली कोण जितं हाय, कोण नाय, कसं कळणार?"

दळव्यांनी हसणं कधीच थांबवलं होतं.

ताई पदराला हात पुसत म्हणाली, "तुमी मुंबईत व्हतात, तवा मला कुटं दिसत व्हतात?"

भावोजींनी वर पाहिलं.

"कोण मुंबईला निघालं की त्याच्यासंगती लाडवाचा डबा द्यायची मी. महिन्यानं डबा रिकामा आला की समजायची, हाय, खातंय माणूस. तुमी लिवायचं नाय, फोन करायचं नाय. त्या डब्यावर काढली मी वर्सं. तुमाला ताटली रोज वर वढून बघाय मिळतेय, तर रडताय."

दळवी हळूच म्हणाले, "वैनी, चहा आमीच करून आणू काय?" आणि ताईलाच हसू फुटलं.

"नि ते शेण," ती हसता हसता म्हणाली, "मीच टाकत व्हते."

"म्हायती हाय. बादलीला वास येतो."

"मग बोललात का नाय?"

"तू बोललीस?"

त्या दुपारी भावोजींनी शेणाचं पोतं स्वतः बांधलं. गाठ मारताना तोंड कडू औषध घेतल्यासारखं होतं. स्वयंपाकघरातली एक जुनी पितळी ताटली ताईनं काढून दिली. भावोजींनी ताटलीला तीन भोकं पाडून दोऱ्या ओवल्या आणि कोंडा-पेंडीचे गोळे ठेवून खाली सोडली. दोन तास ते बांधावरून हलले नाहीत. वर ओढली तेव्हा ताटली घासल्यासारखी लख्ख होती. ते ती उन्हात धरून पाहत राहिले. मी तिथून निघून आले. तो क्षण मला बघायचा नव्हता असं नाही, पण तो त्यांचा होता.

निघायच्या दिवशीपर्यंत पाण्यात हिरवेपणाची नुसती शंका आली होती. ब्रश पडवीतच होता. ताईनं नाचणीच्या लाडवांचा डबा माझ्या गाडीत ठेवला. परतताना मी आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला चढले. रस्ता वळणांचा आहे, पण जंगल दाट आणि सुरेख. पोट नाजूक असेल तर रिकाम्या पोटी चढा. वाईला जेवून संध्याकाळी घरी.

लाडू आठवड्यात संपले. घरी आल्यावर मी बरेच दिवस त्या डब्याचा विचार करत होते. आपल्या माणसांना आपण सारखं बघत असतो, फोनच्या पडद्यावर हिरवा ठिपका पेटला की खुशाल समजतो. माझा मुलगा हॉस्टेलवर आहे, त्याला मी दिवसातून किती वेळा "जेवलास का?" विचारते, ते इथे लिहीत नाही. ताईनं मात्र अंधारात हात घालून संसार केला. तिला तळ दिसायची गरज पडली नाही. असं मन मला कमवता येईल का, ठाऊक नाही. एवढ्यात तरी जमलेलं नाही.

संक्रांतीला मी फोन केला. डबा कुणाबरोबर पाठवू, असं विचारलं. आपल्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून तिळाच्या वड्या भरून ठेवल्या होत्या.

"वड्या तुज्या घरी खा," ताई म्हणाली. "डबा रिकामाच पाठव. मग मला कळतं."

"आणि क्लबाचं काय झालं?"

"फोन आला व्हता त्यांचा. हे बोलले, माजं पाणी आता कुटं तयार व्हतंय, मी नाय येत." मग म्हणाली, "कोपरापतोर आलंय गो हिरवं. मासं वायच रुंद झाल्यात."

"भावोजींना दे की फोन."

"तळ्यावर हायत," ती म्हणाली. "हितनं दिसत नाय."

पण तिनं हाक मारली, आणि लांबून ओ आलेली मला फोनमध्येही ऐकू आली.