दाराजवळची जागा

गार्डसाहेब आधी माणसाच्या पायांकडे बघायचे, मग तोंडाकडे. पहिल्या दिवशी मी त्यांच्या योगवर्गाला गेलो, तेव्हा मी कशाही फेकलेल्या चपला त्यांनी स्वतः वाकून उचलल्या, ओळीत लावल्या आणि म्हणाले, "बाबू, आसन चुकलं त चालंल. अदब चुकली त वापस जायाचं." मी शरमेने अर्धा झालो.

रेल्वेतून निवृत्त झालेले हे गार्ड पूर्णा जंक्शनजवळच्या एका पत्र्याच्या व्यायामशाळेत सकाळी साडेपाचला वर्ग घेत. ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. निजामाच्या शाळेत शिकल्यामुळे शिस्तीला ते अदब म्हणायचे, आणि ती अदब काही थोडीथोडकी नव्हती. पोट रिकामं हवं. सतरंजी ज्याची त्याने आणायची, दुसऱ्याच्या सतरंजीवर पाय पडता कामा नये. शवासनातून कुणी मधेच उठून गेला, की दुसऱ्या दिवशी त्याला सगळ्यांदेखत विचारत, "घरी बी जेवणाराच्या ताटावरून चालता का?"

सगळ्यांत वरचा नियम जागेचा. जो पहिला येईल त्याने गार्डसाहेबांचं घोंगडं अंथरायचं आणि त्यांच्या अगदी समोर बसायचं. "जागा कोनाच्या बापाची न्हाई. आला तो बसला," असं ते रोज म्हणायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. हा वर्ग म्हणजेच त्यांचा संसार. मी चारठाण्याकडचा, मालधक्क्यावर नवा बुकिंग क्लार्क. खोली जवळच होती, त्यामुळे घोंगडं बहुतेक मीच अंथरायचो. त्याचा मला भलताच अभिमान होता.

मग एप्रिलात आमची मिरवणूक निघाली. मी निळा झेंडा घेऊन पुढे होतो आणि वर्गातल्या चौघापाचांनी मला पाहिलं. तोवर मी त्यांचा नुसता बाबू होतो. त्यानंतर एकाची पाठ धरली, एकाकडे पाहुणे आले, एकाच्या घरी लग्न निघालं. महिनाभरात बाराचे तीन झाले. नेमकं साडेपाचला सुरू करणारे गार्डसाहेब आता घड्याळ हातात धरून दाराकडे बघत बसायचे. पावणेसहा व्हायचे.

एकदा वर्ग सुटल्यावर येणं सोडलेला एक किराणा दुकानदार दारात येऊन त्यांच्याशी बोलला. मी सतरंजी गुंडाळत होतो, पण त्याने आवाज खाली केला नाही. "साहेब, येऊ द्या की त्याला. आमी कुठं न्हाई म्हणायलोत? फक्त तुमच्या घोंगड्याला हात नको, अन् मागं बसावं. एवढंच."

गार्डसाहेब वाकून दारातल्या चपला सरळ करत राहिले. मला वाटलं, आता याला वापस पाठवतील. वाट बघत मी सतरंजी दोनदा गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी मी घोंगडं अंथरायला गेलो, तर ते आधीच अंथरलेलं होतं. गार्डसाहेब माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "बाबू, उद्यापासून जरा दाराकडं बसत चला. तिकडं हवा लय चांगली लागती."

मला राग आला, आणि त्याहून जास्त त्यांची कीव आली. मी दाराकडे बसलो. आठवड्यात तिनाचे पुन्हा बारा झाले, चपलांची ओळ पुन्हा लांब झाली, घोंगडं दुकानदार अंथरू लागला. मात्र "जागा कोनाच्या बापाची न्हाई" हे वाक्य मला पुन्हा ऐकू आलं नाही. शवासनात सगळे डोळे मिटत, तेव्हा गार्डसाहेब उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत असायचे. मला ते सोसवेना. पंधरा दिवसांनी मी जाणं सोडलं.

दोन वर्षांनी त्यांना लकवा झाला. वर्ग कधीचाच बंद पडला होता. मी भेटायला गेलो. खोलीत ते एकटेच खाटेवर पडले होते, कोपऱ्यात घोंगडं गुंडाळलेलं. मी सवयीने चपला बाहेर ओळीत लावल्या आणि उंबऱ्याजवळच टेकलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जड जिभेने म्हणाले, "तुमी मागं का बसले?"

"तुमीच सांगितलं होतं, साहेब."

"मी सांगितलं. मी भ्यालो होतो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं, पुसायला हात उचलत नव्हता. "पन तुमी ऐकायला नको होतं, बाबू."

मी उठून त्यांचे डोळे पुसले. माफ केलं म्हणायला हवं होतं; ते राहून गेलं. महिन्याने ते गेले.

आता मीही निवृत्त झालो. लग्न असो, सभा असो, कुणी सांगायच्या आत मी दाराजवळची जागा धरतो. लोक आग्रहाने पुढे बोलावतात. मी म्हणतो, राहू द्या, इथं हवा चांगली लागते.