त्या अकरा दिवसांतली हिरवी पट्टी

ऑफिसने तिला काकू हे नाव दिलं तेव्हा ती जेमतेम अडतीसची होती. कारण एवढंच, की ती दुसऱ्याच्या कोडमध्ये नाक खुपसायची आणि वर "असं करतात का रे?" म्हणून कान उपटायची. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत सात वर्षं काढली. तिने बनवलेली वेबपानं तपासायची हे माझं काम. म्हणजे तिच्या चुका काढायच्या आणि शिव्याही आपणच खायच्या, असं माझं भाग्य.

आमची कंपनी रक्त तपासणाऱ्या एका लॅबचं काम करायची. रुग्णाने फोनवर पान उघडायचं, आपला नंबर घालायचा, की अहवाल समोर. अहवालाच्या डोक्यावर एक पट्टी. हिरवी असली तर काळजीचं कारण नाही, लाल असली तर ताबडतोब डॉक्टरांकडे जा. ही पट्टी काकूचीच कल्पना. लोकांना आकडे कळत नाहीत, रंग कळतात, असं तिचं म्हणणं होतं आणि ते शंभर टक्के खरं होतं. तेच नडलं.

अहवाल यायचा दुसऱ्याच पत्त्यावरच्या सर्व्हरवरून. सर्व्हर उत्तर पाठवतो तेव्हा आत मजकूर असतो आणि वर, पाकिटावर लिहावं तशा, काही ओळी असतात. त्यांना हेडर म्हणतात. 'तातडी: हो' ही ओळ अशीच वर लिहून यायची. आता गोम अशी, की पान एका पत्त्यावरचं आणि उत्तर दुसऱ्या पत्त्यावरचं असलं, तर पाकीट घरात येतं खरं, पण ब्राउझर पानाच्या कोडला वरच्या ठरावीक ओळीच वाचू देतो. बाकीच्या वाचायच्या तर 'ही ओळ वाचू द्या' असं पाठवणाऱ्या सर्व्हरनेच लिहून द्यावं लागतं. आमच्या सर्व्हरवाल्याने ते लिहिलं नव्हतं. आम्ही दोघांनी तपासलं ते काकूच्या मशीनवर, जिथे सगळं एकाच पत्त्यावर होतं. तिथे झकास चाललं. मी 'ठीक' म्हणून खूण केली. लोकांच्या फोनवर मात्र कोडने ती ओळ मागितली की हाती काहीच लागायचं नाही. आणि काहीच हाती नाही लागलं तर कुठला रंग दाखवायचा? काकूने लिहिलं होतं, हिरवा.

अकरा दिवस साऱ्या गावाची तब्येत ठणठणीत होती. बाराव्या दिवशी लॅबने ओरड केली, सर्व्हरवाल्याने एक ओळ घातली आणि विषय मिटला. त्या अकरा दिवसांत तातडीचे अहवाल होते चार. तिघांना लॅबने फोन करून गाठलं. चौथ्याचा फोन लागलाच नाही. त्याच्या रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं हृदय बंद पडलं.

तेव्हापासून काकू रोज आली, की पर्स खाली ठेवायच्या आधी तो चौथा अहवाल उघडायची, ब्राउझरमध्ये हेडर दिसतात ती खिडकी ओढायची आणि ती ओळ बघायची. तातडी: हो. मग तिचा दिवस सुरू.

"अगं, रोज काय बघतेस? बदलणार आहे का ते?" मी एकदा वैतागून म्हणालो.

"त्या दिवशीही हेच आलं होतं रे," ती म्हणाली. "फोनपर्यंत पोचलं होतं. त्याच्या घरात होतं."

खरं सांगतो, मला तिच्या शेजारी बसायची भीती वाटायला लागली होती.

दीड वर्षाने तक्रारींच्या पेटीत त्या माणसाच्या मुलीचा मेल आला. तक्रार नव्हतीच. लिहिलं होतं, "बाबांचा अहवाल मी उघडला होता. मला हिरवी पट्टी आठवते. मी त्यांना म्हटलं, सगळं ठीक आहे, आणि कामावर गेले. ते गेल्यावर पुन्हा उघडला तर पट्टी लाल. आई म्हणाली, तू नीट बघितलंच नाहीस. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मला फक्त एवढंच सांगा, ती पहिल्यापासून लाल होती का?"

दुरुस्ती झाली तेव्हा जुने अहवालही आपोआप खरा रंग दाखवायला लागले होते. आमची चूक सुधारताना आम्ही त्या पोरीलाच खोटं पाडलं होतं. इतक्या दिवसांत हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. काकूच्याही नाही, आणि ती तर रोज तोच अहवाल उघडून बसायची.

साहेब म्हणाले, "इशारा सर्व्हरने पहिल्यापासून पाठवला होता, तेवढंच कळवा. खोटं आहे का ते?"

खोटं नव्हतं. मी लिहायलाही बसलो, सांगायला लाज वाटते. काकूने माझ्या हाताखालून कीबोर्ड काढून घेतला.

"तिचा पत्ता दे."

"नोकरी जाईल, काकू."

"जाऊ दे. पत्ता दे म्हणते ना!"

मीही बरोबर गेलो. 'ठीक'ची खूण माझीच होती. तिसऱ्या मजल्यावर मुलीनेच दार उघडलं. तिशीतली असेल, कपडे धुत असावी, हात ओले होते. काकूने आम्ही कोण ते सांगितलं आणि ती आत या म्हणायच्या आधीच बोलून टाकलं.

"पट्टी हिरवीच होती. तुम्ही बरोबर बघितलं होतं. ती हिरवी माझ्यामुळे झाली. लाल आम्ही नंतर केली."

ती रडेल किंवा काकूच्या थोबाडीत देईल, असं मला वाटलं. दोन्हीची तयारी ठेवूनच आलो होतो. पण तिने काकूचं मनगट घट्ट धरलं आणि तिला ओढतच आतल्या खोलीत नेलं. तिथे एक म्हातारी खिडकीशी बसली होती, दाराकडे पाठ करून.

"आई," मुलगी म्हणाली.

म्हातारीने मान वळवली नाही.

"आता परत सांगा," मुलगी काकूला म्हणाली. "मला सांगितलंत तसंच. मोठ्याने सांगा."